नोकरी गेली. गोव्यात बसून ओळखी कुठून काढायच्या?

फर्मागुडीची | सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बंगळुरूच्या एका कंपनीत टेस्टिंग लीड होते. हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर. कोविडमध्ये घरी आले ती इथेच राहिले, कंपनीनेही घरून काम चालू ठेवलं. गेल्या महिन्यात एका व्हिडिओ कॉलवर आमची अख्खी टीम बंद केली आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक. पैशांचं रीतसर झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

जो तो सांगतो, नेटवर्किंग कर. माझं नेटवर्क म्हणजे टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यातले सगळेच आता नोकरी शोधताहेत. एकच जाहिरात दिवसभर फिरत राहते आणि सगळे तिथेच अर्ज टाकतात. गोव्यात माहेर, सासर आणि शाळेतल्या मैत्रिणी यापलीकडे कामाच्या अर्थाने मी कोणालाच ओळखत नाही. अनोळखी माणसाला मेसेज करायचा म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं. मुलगी नववीत आहे, त्यामुळे परत बंगळुरूला जाणं सध्या नाही.

यातून कोणी गेलंय का? नक्की काय केलंत? 'पॉझिटिव्ह राहा' हे कृपया नको, ते लिंक्डइनवर पोटभर मिळतंय.

शंकासूर | सोमवार, रात्री

गोव्यात नोकरीसाठी ओळख लागते ती एकाच माणसाची, आणि त्याच्या बंगल्याबाहेर सकाळी सातला रांग असते. बाकी सगळं फॅड.

कदंब_शटल | सोमवार, रात्री

शंकासूर, ती रांग सरकारी नोकरीची. तिथे उभं राहून टेस्टिंग लीडला काय मिळणार, पंचायतीत कारकुनी? आणि त्या रांगेच्या आजूबाजूला जे दलाल घुटमळतात त्यांचं काय झालं ते २०२४ च्या शेवटी सगळ्या गोव्याने वाचलंय. सरकारी नोकरी लावतो म्हणून लोकांकडून लाखो उकळल्याच्या तक्रारी, मग अटका. लोकांनी दागिने गहाण टाकून पैसे दिले होते.

@फर्मागुडीची, मी पर्वरीला असतो, पुण्याहून परत आलोय. माझ्यावरही ही वेळ आली होती. उद्या सविस्तर लिहितो, आता झोप.

आबोली | मंगळवार, सकाळी

बाय, एक विचारू? घरी सांगितलंयस का?

फर्मागुडीची | मंगळवार, सकाळी

नवऱ्याला माहीत आहे. सासू-सासऱ्यांना नाही. मी रोज नऊला जुना लॅपटॉप उघडून बसते. सासूबाई चहा आणून ठेवतात आणि 'कामात आहे, आवाज करू नका' म्हणून मुलीला दटावतात.

आबोली | मंगळवार, सकाळी

मग आधी ते. मी उपदेश करत नाहीये, हिशोबाचं सांगतेय. जी गोष्ट घरातच दडवून ठेवलीय ती बाहेर मोकळेपणाने विचारता येत नाही. कोणाला मेसेज केलास की पहिला विचार 'हा आमच्या ह्यांच्या मामेभावाला ओळखत तर नसेल?' आणि गोव्यात तो ओळखतच असतो. फोंड्यातल्या बाजारात उभी राहा, पाच मिनिटांत कोणीतरी तुझ्या वहिनीची वर्गमैत्रीण निघते. ज्या गोष्टीने तुला काम मिळू शकतं तिचीच तुला आत्ता भीती वाटतेय.

खनिजवाला | मंगळवार, दुपारी

आबोलीताईंनी बरोबर नस पकडली. माझा अनुभव जुना आहे, पण सांगतो.

मी सांखळीचा. खाणीवरच्या प्रयोगशाळेत होतो, खनिजाचे नमुने तपासायचे: लोह किती, सिलिका किती, ॲल्युमिना किती, ओलावा किती. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, काम रडतखडत सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं. मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं बंद.

तुम्ही टीमच्या ग्रुपबद्दल लिहिलंय ना, आमचा तर गावच तसा ग्रुप होता. मी प्रयोगशाळेत, थोरला भाऊ ट्रकमालक, शेजारी बार्जवर, समोरचा गॅरेजवाला ट्रकांच्याच जिवावर, कोपऱ्यावरचं हॉटेल ड्रायव्हरांच्या जिवावर. माणसं जिवाला जीव देणारी, पण 'अमुक ठिकाणी जागा आहे' हे सांगायला कोणाकडे काही नव्हतंच. संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर बसायचो आणि सगळ्यांकडे एकच बातमी: कोर्टाची पुढची तारीख.

मला काम मिळालं ते एका सर्व्हेयरमुळे. मुरगाव बंदरात जहाज भरताना ग्राहकाच्या वतीने नमुने घ्यायला जी माणसं यायची त्यातला एक. आमचा संबंध काय, तर त्याचा ओलावा आणि माझा ओलावा यात फरक आला की भांडण. नावापलीकडे ओळख नाही. त्याला फोन करून म्हटलं, 'खाणी बंद आहेत, मला नमुना तपासण्याचं काम येतं, गोव्याबाहेर हे काम कुठे कुठे चालतं?' त्याने बसल्या जागी बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्याची प्रयोगशाळा, कोळसा तपासणाऱ्या एजन्सी, सिमेंट अशी यादीच सांगितली. मला खनिज सोडून कोळशाचं नावही सुचलं नव्हतं. नमुना घेणं, वाळवणं, दळणं, भागणं हे तेच. फक्त तपासायचं ते वेगळं. त्यातल्याच एका एजन्सीत लागलो.

म्हणून सांगतो, ज्यांच्याशी रोज बोलता त्यांना सोडा. कामानिमित्त कधी ज्यांच्याशी भांडलात त्यांची यादी करा.

कदंब_शटल | मंगळवार, दुपारी

'ज्यांच्याशी भांडलात त्यांची यादी करा' हे फ्रेम करून लावण्यासारखं आहे!

तेरेखोलपल्याड | मंगळवार, संध्याकाळी

खनिजवाला यांनी जे लिहिलंय त्यावर समाजशास्त्रात पन्नास वर्षं वाद चाललाय, म्हणून थोडं अवांतर.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की ज्याच्याकडून जागेची बातमी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ च्या निबंधात आकडे आहेत: वारंवार भेटणारा १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्के, क्वचित भेटणारा २७.८ टक्के. नमुना छोटा होता, ५४ माणसं. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. अर्धवट ओळखीचा माणूस दुसऱ्या घोळक्यात उठतो-बसतो, त्यामुळे त्याच्याकडे आपल्याला नसलेली बातमी असते.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, अगदीच परका माणूसही कामाचा नाही; मधल्या अंतरावरच्या ओळखी सगळ्यात उपयोगी. दुसरी गोष्ट लोक सांगायला विसरतात: हे संगणकाशी जास्त संबंध असलेल्या क्षेत्रांत खरं ठरलं. जिथे संगणकाचं काम कमी, तिथे जवळच्या ओळखीच जास्त उपयोगी पडल्या. म्हणजे फिटरने आणि टेस्टरने एकच सल्ला ऐकू नये.

शंकासूर | मंगळवार, संध्याकाळी

बरं, मान्य. पण माझा मुद्दा वेगळा आहे. हल्ली शिकवतात की नोकरी मागू नका, 'तुमच्या क्षेत्राची माहिती हवीय' म्हणून फोन करा आणि शेवटी हळूच सीव्ही सरकवा. मला असे फोन येतात. हा शुद्ध ढोंगीपणा आहे. मनात नोकरी आणि तोंडात 'तुमचा प्रवास जाणून घ्यायचाय'.

वेर्णा_एचआर | मंगळवार, रात्री

शंकासूरशी या एका बाबतीत शंभर टक्के सहमत. (बाकी धाग्यांवर भांडूच.)

मी वेर्णा वसाहतीत एका कारखान्यात एचआरला आहे, कोणता ते सोडा. आम्हाला काय चालतं ते सांगते.

'तुमचा प्रवास' वाले मेसेज मी वाचत नाही. आणि 'हाय मॅम, काही व्हेकन्सी असेल तर कळवा, कोणतंही काम चालेल' हेही वाचून सोडून देते. दुष्टपणा नाही हो, पण 'कोणतंही काम' घेऊन मी कोणत्या खात्यात जाऊ? उत्पादनवाल्याला सांगू की स्टोअर्सवाल्याला? माझ्या डोक्यात त्या माणसाचा कप्पाच तयार होत नाही.

परवा एक मेसेज आला, त्याला मी पाच मिनिटांत उत्तर दिलं. तपशील बदलून देते:

'नमस्कार. आपण दोन वर्षांपूर्वी पणजीला चेंबरच्या कार्यक्रमात भेटलो होतो, मी तेव्हा पॅकेजिंगच्या टेबलावर होतो. आमचं युनिट बंद झालं, १ तारखेपासून मी मोकळा आहे आणि नोकरी शोधतोय. ब्लिस्टर पॅकिंग लाईनवर ११ वर्षं, त्यातली ४ सुपरवायझर. तुमच्याकडे पॅकिंगला माणसं कंपनी थेट घेते की कंत्राटदारामार्फत? कंत्राटदारामार्फत असेल तर त्याच्याकडे जातो. वेळ नसेल तर उत्तराची घाई नाही.'

बघा, यात नोकरी शोधतोय हे सरळ लिहिलंय, लपवाछपवी नाही. पण मला जे विचारलंय त्याचं उत्तर मी नोकरी न देताही देऊ शकते. 'नोकरी द्या' म्हटलं की माझ्याकडे नाही म्हणण्याशिवाय काही उरत नाही. 'हे काम कोण देतं' असं विचारलं की मी नाव सांगते, आणि नाव सांगितलं की तो माणूस माझ्या लक्षात राहतो.

थोडं सुटं सुटं सांगते, कारण यात लोक हकनाक अडकतात.

आपल्या ओळखीचं कोणी त्या कंपनीत असेल तर आधी त्याच्याशी बोला, मग अर्ज करा. पुष्कळ कंपन्यांत आपण पोर्टलवर थेट अर्ज टाकला की नंतर कर्मचाऱ्याची शिफारस धरली जात नाही, कारण नाव आधीच यादीत आलेलं असतं. रात्री बाराला घाईने 'अप्लाय' दाबून सकाळी मित्राला फोन, हे उलटं होतं.

सीव्हीच्या फाईलचं नाव 'सीव्ही फायनल न्यू २' असं नको. माझ्या डाउनलोड्समध्ये तशा ढिगाने पडल्यात. आपलं नाव आणि काम लिहा.

लिंक्डइनवरच्या 'ओपन टू वर्क'ला दोन पर्याय आहेत: सगळ्यांना दिसणारी हिरवी चौकट, किंवा फक्त भरती करणाऱ्यांना दिसणारी खूण. टीमच बंद झालीय, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही, हिरवी लावा. त्यामुळे किंमत कमी होते असं म्हणणारे असतात, मला तरी कधी तसं वाटलेलं नाही. पण नावाखालच्या ओळीत 'नव्या संधीच्या शोधात' लिहू नका. शोधताना आम्ही कामाचं नाव टाकतो, 'संधी' टाकत नाही.

आणि कंपनीतून का काढलं, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर: 'टीम बंद झाली, सगळे गेलो.' पुढे गप्प. लोक त्यापुढे कंपनीची उणीदुणी काढत बसतात आणि मुलाखतीची दहा मिनिटं त्यात जातात.

फर्मागुडीची | मंगळवार, रात्री

वेर्णा_एचआर, हे प्रिंट काढून ठेवते. पण वेर्ण्यात माझ्यासाठी काय असणार? तिथे औषधं, मशीन, पंप. मी सॉफ्टवेअरवाली.

क्लीनरूम | बुधवार, पहाटे

नाईट शिफ्टला आहे, म्हणून या वेळी. औषधांच्या कारखान्यात क्यूएला, म्हणजे गुणवत्ता-हमी विभागात, काम करतो. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हसू आलं, राग मानू नका.

औषधाचा कारखाना आज सॉफ्टवेअरवर चालतो. प्रयोगशाळेतली क्रोमॅटोग्राफीची यंत्रं, नमुन्यांची नोंद ठेवणारी प्रणाली, मशीनं चालवणारं स्काडा, गोदामाचं ईआरपी. अमेरिकेत माल पाठवायचा तर तिथल्या औषध नियामकाचा, म्हणजे एफडीएचा, 'पार्ट ११' नावाचा नियम लागतो, १९९७ चा. इलेक्ट्रॉनिक नोंद आणि सही कागदाइतकी विश्वासार्ह आहे हे सिद्ध करावं लागतं. कोणी निकाल बदलला तर कोणी, कधी, आधीचा आकडा काय, हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये दिसायला हवं. ॲनालिस्टला संगणकाचं घड्याळ मागे करता येता कामा नये. एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरता कामा नये.

हे सगळं कोणीतरी तपासून, स्क्रीनशॉट लावून, सही करून द्यावं लागतं. त्याला आम्ही सीएसव्ही म्हणतो, कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन. आधी गरजा लिहायच्या, मग आयक्यू, ओक्यू, पीक्यू (नीट बसवलंय का, नीट चालतंय का, रोजच्या कामात टिकतंय का) असे टप्पे, प्रत्येक गरजेसमोर तिची टेस्ट, फेल झाली तर डेव्हिएशन, म्हणजे काय चुकलं त्याची लेखी नोंद. आमच्याकडे हे करणारी मुलं फार्मसीची असतात. नियम त्यांना पाठ, पण टेस्ट केस लिहायला सांगितली की 'बटण दाबले, चालले' एवढंच लिहितात. उलट्या बाजूने येणारी माणसं कमी.

पगार बंगळुरूचा मिळणार नाही, हे आधीच सांगतो. आणि घरून काम विसरा, टोप्या-बुटं घालून आत जावं लागतं.

फर्मागुडीची | बुधवार, सकाळी

थांबा थांबा. प्रत्येक गरजेसमोर तिची टेस्ट म्हणजे ट्रेसिबिलिटी मॅट्रिक्सच ना? ते मी वर्षानुवर्षं केलंय. ऑडिट ट्रेलसुद्धा, बिलात रक्कम बदलली की कोणी बदलली हे दाखवणं हा आमचा अर्धा दिवस असायचा. याला औषध कारखान्यात वेगळं नाव आहे आणि त्यासाठी माणसं लागतात, हे आज पहिल्यांदा कळतंय.

खनिजवाला | बुधवार, सकाळी

कोळसा सापडला.

क्लीनरूम | बुधवार, दुपारी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मी भरती करत नाही, तेव्हा आशा दाखवत नाही. पण आमच्याकडे व्हॅलिडेशनचं काम बाहेरचे सल्लागार करतात, त्यांतल्या दोघांना तुमच्याबद्दल बोलून ठेवतो. मोठ्या ऑडिटच्या आधी त्यांना माणसं कमी पडतात. त्यांच्याशी बोलताना 'मी टेस्टिंग लीड' एवढ्यावर थांबू नका. पार्ट ११ डाउनलोड करून वाचा, फार मोठा नाही. एका बैठकीत होतो, आणि मुलाखतीला आलेले बरेचजण तो न वाचताच त्याच्यावर बोलतात.

दुबईकार | बुधवार, रात्री

आखातातून लिहितोय. चवथीचा, म्हणजे गणपतीचा, मुद्दा कोणी मांडला नाही? वर्षात एकदा मुंबई, पुणे, दुबई, जहाजावरचे, सगळे घरी असतात. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट) बसून जेवढी बातमी मिळते तेवढी कुठल्या जॉब फेअरमध्ये मिळणार नाही. मी इथे आलो तो आरतीला आलेल्या चुलतभावाच्या साडूमुळे. 'सध्या कुठे असतेस?' हा प्रश्न विचारल्याशिवाय मावश्या सोडत नाहीतच, मग उत्तर तयार ठेवा. 'सध्या घरीच' म्हणालात तर विषय मुलीच्या नववीवर जातो. 'हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरची तपासणी करायचे, आता औषध कंपन्यांत तसलं काम बघतेय' म्हटलं की कोपऱ्यातून कोणीतरी म्हणतो, 'आमचा अमुक कुंडईला औषधातच आहे.'

कदंब_शटल | गुरुवार, सकाळी

सविस्तर लिहायचं होतं, पण सगळं लिहून झालं तुमचं. दोनच गोष्टी टाकतो.

पर्वरी, पणजी, हणजुणेच्या कोवर्किंगमध्ये बाहेरून आलेले सॉफ्टवेअरवाले बरेच बसतात. एक दिवसाचा पास काढून बसता येतं. माणसं बोलकी असतात आणि त्यांना आपल्या चुलतसासऱ्यांशी काही देणंघेणं नसतं, हा मोठा फायदा. तोटा असा की पावसाळा लागला की निम्मे गायब. तेव्हा ओळख झाली की त्याच आठवड्यात फोन करा, 'पुन्हा भेटू' वर सोडू नका.

दुसरं, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज. तुमच्या घराशेजारीच म्हणायचं. तिथून पास झालेले गोव्यातल्या निम्म्या कारखान्यांत बसलेत. तुम्ही तिथल्या नसलात तरी शाळेतल्या मैत्रिणींतली कोणी ना कोणी असणार. तिला तुमच्यासाठी नोकरी बघायला सांगू नका. तिच्या बॅचमधलं औषध कंपनीत कोण आहे, एवढंच विचारा.

शंकासूर | गुरुवार, दुपारी

आणि मदत केलेल्या माणसाला नंतर कळवा हो काय झालं ते! मी एकाला तीन नावं दिली होती. लागला की नाही, जिवंत आहे की नाही, काही पत्ता नाही. चौथं नाव देतो होय मी?

आबोली | गुरुवार, दुपारी

शंकासूर, म्हणजे तुम्ही गुपचूप फॅड करता तर.

फर्मागुडीची | पुढच्या आठवड्यात, रविवार

शंकासूरांना घाबरून कळवायला आले.

सासूबाईंना सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'मग गे तो मेलो लॅपटॉप उघडून कित्याक बसताली?' दुसऱ्या दिवशी देवळात त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं की सुनेची कंपनी बुडाली. कंपनी चांगली धडधाकट आहे, पण त्यांच्या मते सुनेला काढली म्हणण्यापेक्षा कंपनी बुडालेली बरी. संध्याकाळी सासऱ्यांच्या पेन्शनर मित्राचा फोन आला, त्यांची भाची पिळर्णला औषधांच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, आहे. तिच्याशी बोलले. तिने त्यांच्या प्रयोगशाळेतल्या नमुना-नोंदणीच्या प्रणालीचं नाव सांगितलं आणि ती कुठे कुठे वापरतात तेही.

जुन्या ग्राहकांपैकी एका हॉस्पिटलच्या आयटी मॅनेजरला फोन केला. खनिजवाला यांच्या यादीतला, खूप भांडलेलो. तो आता दुसरीकडे आहे. त्याने दोन नावं दिली आणि वर म्हणाला की तुम्ही बग मान्य करायचा नाहीत तेव्हा राग यायचा, पण लेखी सगळं असायचं.

क्लीनरूम यांनी सांगितलेल्या एका सल्लागाराशी बोलणं झालं. नोकरी नाही, चार महिन्यांचं कंत्राट देतो म्हणतात, दिवसाच्या हिशोबाने. दर मीच सांगायचाय. किती मागायचे? आणि जीएसटी लागेल का? कंत्राट म्हटलं की पोटात गोळा येतो, मी आयुष्यभर पगारावर.

वहीखाते | रविवार, रात्री

सीए आहे, गोव्यातच. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, सल्लागार गोव्याबाहेरचा असला तरी. टीडीएस ते कापतील, तो विवरणपत्रात जमा मिळतो. दर ठरवताना जुना पगार भागिले तीस असं करू नका. तुम्हाला महिन्याला वीस-बावीस दिवसच पैसे मिळणार, सुट्टी बिनपगारी, पीएफ नाही, विमा तुमचा तुम्ही काढायचा. जुन्या कंपनीचा वार्षिक खर्च, म्हणजे पीएफ-विम्यासकट, धरा आणि खरोखर काम मिळेल त्या दिवसांनी भागा. प्रवासाचे वेगळे मागा. आणि पैसे किती दिवसांत देणार हे करारात लिहून घ्या; दरापेक्षा त्यावरच जास्त लोक रडतात.

जुन्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटी आली का तेही तपासा.

क्लीनरूम | रविवार, रात्री

घ्या ते कंत्राट. चार महिन्यांत तुमच्या सीव्हीवर 'सीएसव्ही' हा शब्द येतो, आणि कारखान्याच्या आत चार महिने वावरलात की कोण सोडून चाललंय हे जाहिरातीआधी कळतं.

लेथमशीन | सोमवार, सकाळी

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितो. मी कुंकळ्ळीचा, वय ५२. कारखान्यात मेंटेनन्सला होतो, दिवाळीनंतर शिफ्ट कमी केली त्यात आम्ही गेलो. कॉम्प्युटर येत नाही, लिंक्डइन मुलाने काढून दिलंय पण त्यात काय लिहू कळत नाही. माझ्यासारख्याने कोणाला विचारायचं?

तेरेखोलपल्याड | सोमवार, सकाळी

लेथमशीन, मी वर लिहिलं तो दुसरा भाग तुमच्यासाठीच. लिंक्डइन राहू द्या. ज्यांनी तुम्हाला मशीन उघडून काम करताना पाहिलंय, ते जुने फोरमन, सुट्या भागांचे दुकानदार, सर्व्हिसला येणारे इंजिनिअर यांना फोन करा. तुमच्या हाताची खात्री तेच देऊ शकतात.

वेर्णा_एचआर | सोमवार, दुपारी

+१. सर्व्हिस इंजिनिअर तर आधी. तो आठवड्याला चार कारखाने फिरतो, कुठल्या मेंटेनन्समध्ये माणूस नाही हे एचआरच्या आधी त्याला माहीत असतं.

बाब, मला व्यनिमध्ये एवढंच कळवा: कुठल्या मशीनवर किती वर्षं, शिफ्टला येणार का, वेर्ण्यापर्यंत रोज यायची तयारी आहे का. आणि बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे का? असेल तर पहिल्या वर्गाचं की दुसऱ्या?

लेथमशीन | सोमवार, रात्री

दुसऱ्या वर्गाचं आहे. मुलाला सांगून फोटो काढून पाठवतो.